इस्त्री केलेलं पत्र

आक्काच्या लाँड्रीवर पाटी नव्हती. शटरच्या वर एक इस्त्री रंगवलेली होती, काळीकुळकुळीत, होडीएवढी, आणि तिच्यातून निघणारी वाफ रंगाऱ्यानं हौसेनं इतकी काढली होती की लांबून बघणाऱ्याला दुकानाला आग लागल्यासारखं वाटायचं. नाव का नाही लिहिलं, असं कुणी विचारलंच तर आक्का म्हणायची, "नाव लिहितात ते ज्यांना कुणी ओळखत नाही. मला ओळखत नाही असा माणूस या रस्त्यावर एकच आहे, आणि तो कालच राहायला आलाय."

चाळीस वर्षांत या दुकानातून एक रुमाल हरवला नव्हता. दुसऱ्या लाँड्रीवाल्यांच्या कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या असत, त्या धुण्यात विरघळत, आणि मग कुणाची पॅंट कुणाच्या ढुंगणावर चढे. आक्काकडे चिठ्ठी नव्हतीच. तिच्याकडे धागा होता. प्रत्येक घराची एक खूण, शिवणीच्या आत, नखाएवढी. आणि खूण म्हणजे त्या घरातल्या कर्त्या माणसाची चक्क खोडी. दातांच्या डॉक्टरांच्या शर्टात दोन पांढरे टाके आणि मधे फट, कारण जगाचे दात सरळ करणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या पुढच्या दातांतून वारा खेळायचा. कंडक्टरच्या शर्टात लाल गाठ, कारण कुणी खिडकी उघडली की तो असाच गाठीसारखा लाल व्हायचा. समोरच्या इमारतीतल्या बोलघेवड्या काकूंच्या चादरींना न संपणारी साखळी. अशा दोनशे साठ खुणा. त्या सगळ्या वाचता येणारी माणसं दोनच, एक आक्का आणि दुसरी तिची दहा वर्षांची नात, भिंगरी.

भिंगरीनं तर स्वतःच्या वीसेक खुणा काढल्या होत्या. आक्का त्या बघून पोट धरून हसायची आणि वर म्हणायची, "कार्टे, माणसं ओळखायला कुणी शिकवलं गं तुला?"

आता खरी गोष्ट. आक्काला वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. आणि हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं, निदान आक्काची तशी समजूत होती. "मी सातवी शिकलेय" असं ती इतक्या ठसक्यात सांगायची की ऐकणाऱ्याला आपली पदवी खोटी वाटावी. बस आली की ती कंडक्टरला दरडावायची, "काय रे, ही नेहमीचीच का?" आणि कंडक्टर घाबरून सगळे थांबे पाठ म्हणून दाखवायचा. कुणी कागद पुढे केला की तिचा चष्मा हरवलेला असायचा. हा चष्मा चाळीस वर्षं हरवलेलाच होता, कारण तो कधी नव्हताच. सुनेनं एकदा हौसेनं एक आणून दिला, तर आक्का त्यावर बसली. तसं रस्त्याच्या पलीकडे उभ्या माणसाच्या कॉलरवरचा शाईचा ठिपका तिला गल्ल्यावरून दिसायचा, पण ही विसंगती तोंडावर बोलून दाखवण्याची छाती कुणात नव्हती.

त्या गुरुवारी दुपारी मोठ्या बाई दुकानात शिरल्या तेव्हा आक्का चादरींवर पाणी शिंपडत होती. मोठ्या बाई म्हणजे भिंगरीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. हातात त्यांच्या मिस्टरांचा पांढरा शर्ट, आक्कानंच सोमवारी दिलेला, एकदाच घातलेला.

"जळाला नाही," आक्का आधीच म्हणाली. "आमच्याकडे जळत नाही. घरी जळाला असेल."

"जळाला नाहीये आक्का." मोठ्या बाईंनी कॉलरच्या घडीतून एक कागद ओढून काढला आणि टेबलावर ठेवला. कॉलरच्या मापात घडी घातलेला, कडक, गुळगुळीत. "हे काय आहे?"

"कागद. घडी मोडू नये म्हणून घालतो. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून चांगला जाड घालतो. तक्रार कसली यात?"

"तक्रार अशी, की हे पत्र मी लिहिलंय. तुम्हाला. भिंगरीच्या हातून पाठवलं. ते तुम्ही इस्त्री करून माझ्याच नवऱ्याच्या गळ्यात घालून परत पाठवलंत."

टेबलाखालून काहीतरी खसकन हललं. तिथे भिंगरी बसली होती, मांडीवर धाग्यांचा डबा घेऊन. शाळा सुटली की ती सरळ दुकानात यायची आणि टेबलाखाली आपलं राज्य मांडायची.

"तिसरं आहे हे," मोठ्या बाई म्हणाल्या. "पहिली दोन कुठे आहेत?"

आक्काला चांगलं आठवत होतं. एक दातांच्या डॉक्टरांच्या निळ्या शर्टात, एक कंडक्टरच्या युनिफॉर्ममध्ये. शाळेचा कागद छान जाड असतो, त्याची घडी नंबर एक बसते. भिंगरी दप्तरातून काढून द्यायची, आक्का दोन्ही बाजू उलटून बघायची, गंभीर चेहऱ्यानं "हं" म्हणायची आणि इस्त्री हातात घ्यायची.

"फोन करायचा मग," आक्का म्हणाली.

"केला होता. तुम्हीच उचललात. म्हणालात, शाळेची कामं लेखी असावीत, तोंडी कारभार आम्हाला चालत नाही."

असं ती म्हणाली होती खरी. तेव्हा स्वतःवर खूशही झाली होती.

एवढ्यात सून आत आली. ती दवाखान्यात नर्स. सकाळची पाळी संपवून, घामेजलेली, पायातले बूट अर्धे काढलेली. आक्काचा मुलगा, म्हणजे भिंगरीचा बाप, ट्रकवर. महिन्यातले आठ दिवस घरी असायचा, त्यातले सहा झोपलेला. तेव्हा घर म्हणजे या तिघीच. सुनेनं एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं, एकदा शर्टाकडे, आणि टेबलावरचा कागद उलगडून उभ्याउभ्या वाचायला लागली. आधी मनात. मग मोठ्यानं.

"'...याआधीच्या दोन पत्रांना उत्तर आलेलं नाही. मुलगी तोंडी उत्तरं उत्तम देते. वाचायला सांगितलं की मात्र तिचा चष्मा घरी राहिलेला असतो. तरी तिला चष्म्यासह शाळेत पाठवावं...' चष्मा? हिला कुठे चष्मा आहे?"

टेबलाखाली धाग्याचं एक रीळ घरंगळत गेलं आणि मोठ्या बाईंच्या चपलेला टेकून थांबलं.

सून पुढे वाचत राहिली. वाचण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी शाळेत रोज एक वेगळा तास सुरू होणार होता. बाहेरून एक खास शिकलेली शिक्षिका येऊन मुलांना तपासत होती. जागा आठ. तपासणीचा शेवटचा दिवस शुक्रवार, म्हणजे उद्या. तपासणी झाली नाही तर मुलीला पुन्हा तिसरीत बसावं लागेल.

"पुन्हा?" सून म्हणाली. "ती तिसरीत दुसऱ्यांदा बसलीय बाई. आता तिसऱ्यांदा? तिच्या शेजारच्या पोरी तिच्या खांद्याला लागतात!"

"म्हणूनच आले ना. सात जागा भरल्या. आठवी मी उद्या बारापर्यंत धरून ठेवलीय." मोठ्या बाईंनी शर्ट काखेत मारला. जाता जाता म्हणाल्या, "आणि आक्का, मिस्टरांच्या मानेवर माझी सही उमटली होती. स्टाफरूमपर्यंत पोचलंय ते."

त्या गेल्यावर सून सासूकडे वळली. बारा वर्षांत ती पहिल्यांदाच अशी वळली होती.

"तीन पत्रं, आई. तुम्ही वाचली नाहीत?"

आता इथे दोन वाटा होत्या. एक खरं बोलायची. दुसरी आक्काची.

"वाचली," आक्का म्हणाली. "तिन्ही. मला काही त्यात एवढं वाटलं नाही."

"वाटलं नाही?"

"शाळावाल्यांना उद्योग नसतात. पोर खेळकर आहे, बस. आणि अभ्यासात मन नसणं हे काय आमच्या घराण्यातलं नाही. तुझ्याच माहेरी तो कोण तो, दहावीला चार वेळा..."

हे वाक्य आक्का नेहमीच पुरं करायची. आज तिनं ते सोडून दिलं, कारण सून ऐकतच नव्हती. सुनेनं इस्त्री उचलली आणि शेजारची उशीची खोळ अशी दाबायला घेतली जणू त्या खोळीत कुणी दडून बसलंय. संध्याकाळपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आक्काला भांडण चालायचं. भांडणात ती चार माणसांना पुरून उरायची. पण या गप्प बसण्याला काय करायचं ते तिला कळेना. वाईट सासू म्हणवून घेणं तिला जड नव्हतं, ती पदवी तर कष्टानं मिळवलेली होती. अडाणी म्हणवून घेणं तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

सून दूध आणायला गेली तशी आक्का खाली वाकली, गुडघ्याला शिव्या देत टेबलाखाली शिरली आणि भिंगरीसमोर बसली.

"काय गं आगाऊ कार्टे? ही चष्म्याची थाप कुठून शिकलीस?"

भिंगरीनं सुईत दोरा ओवला. "तुझ्याकडून."

"माझा खरंच हरवतो."

"तुझा नाहीच आहे, आजी." पोर अगदी सहज म्हणाली, जणू कुणाच्या शर्टाला बटण नाही असं सांगावं. "तू औषधाची बाटली वास घेऊन ओळखतेस. बसला थांबवून कंडक्टरवर ओरडतेस. मला पहिलीपासून माहितेय. मी कुणाला सांगितलं नाही."

आक्काचं डोकं टेबलाच्या पट्टीला आपटलं. वर इस्त्रीनं सुस्कारा टाकला.

"आज आई एवढी चिडली तरी नाही सांगितलं," भिंगरी म्हणाली. "आणि मी पण मोठी झाले की लाँड्रीच टाकणार. तुझ्यासारखी. म्हणजे वाचायलाच नको. अक्षरं माझ्याकडे बघून पळतात गं. मी एकाला धरलं की दुसरं पळतं. दुसरं धरेपर्यंत पहिलं कुठलं होतं तेच जातं. मग सगळी हसतात, मग मी म्हणते चष्मा राहिला. तू कसं पक्कं केलंस, की कुणी हसत नाही?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी, नात आपल्यासारखी व्हायचं म्हणते यावर आक्का रस्ताभर पेढे वाटल्यासारखी मिरवली असती. आज तिला नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं तो दिवस आठवला. पोटाचं ऑपरेशन होतं. "तिसऱ्या मजल्यावर, पाटी बघून या," असं सांगितलेलं. पाट्या तर ढीगभर होत्या. विचारायचं कुणाला, सातवी शिकलेल्या बाईनं? ती पाचव्या मजल्यावर, नवराच समजून, कुणा परक्या म्हाताऱ्याच्या उशाशी तासभर बसली होती. त्याचं तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं, तिनं त्याचे पाय चेपले, "घाबरू नका" म्हणून हात धरला. म्हातारा बिचारा खूश झाला असेल. इकडे नवरा तिची वाट बघत बघत एकटा आत गेला. वाचला, पण जन्मभर म्हणत राहिला, "तू खाली कुणाशी तरी गप्पा ठोकत बसली होतीस." तिनंही ते तसंच राहू दिलं. मरेपर्यंत त्याला कळलं नाही. पक्कं करणं म्हणजे असं.

"पक्कं करायला फार लागतं," ती नातीला म्हणाली. वर यायला तिला भिंगरीचा हात धरावा लागला.

शुक्रवारी सकाळी सून भिंगरीला घेऊन निघाली. आक्काला तिनं विचारलं नाही. आक्कानं शटर अर्ध्यावर ओढलं, धाग्यांचा डबा काखेत घेतला आणि वीस पावलं मागून चालू लागली, जणू तिचा रस्ता योगायोगानंच शाळेवरून जात होता.

तपासणारी शिक्षिका आक्काच्या अंदाजात जाड भिंगांची, कोरड्या तोंडाची बाई असायला हवी होती. निघाली पोरसवदा, केस बांधायला विसरलेली. सगळे तिला ताई म्हणत होते. खोलीत मुलांच्याच खुर्च्या होत्या. आक्का एका खुर्चीत बसली आणि उठता येणार नाही हे तिला बसल्याबसल्याच कळलं.

ताईनं एक लांबलचक गोष्ट सांगितली, ती भिंगरीनं जशीच्या तशी सांगून दाखवली, वर गोष्टीतल्या सावकाराच्या चालीची नक्कल केली. ताईनं ठोकळे मांडले, ते तिनं मोडून दुप्पट चांगले मांडले. आक्का हुरळली. "बघा," ती मोठ्या बाईंना म्हणाली, "आणि हिला म्हणे अडचण."

मग ताईनं एक कार्ड पुढे ठेवलं. त्यावर तीन ओळी. भिंगरीनं बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. ओठ हलले. बोट पुढे सरकलं, मागे आलं, पुन्हा तिथेच थांबलं. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. शेवटी तिनं बोट उचललं, मान ताठ केली आणि आक्काच्या, अगदी आक्काच्याच, ठसक्यात म्हणाली, "माझा चष्मा घरी राहिला."

आक्कानं खाली पाहिलं. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकायला येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"चालेल," ताई म्हणाली, जणू चष्मा खरंच होता. "तोवर दुसरं काही वाच. त्या डब्यात काय आहे?"

मोठ्या बाईंना तेच हवं होतं. त्यांनी पिशवीतून मिस्टरांचा शर्ट काढला आणि कॉलर उलटी केली. "ही हिरवी आकडी कसली आहे, हे मला चार वर्षं विचारायचंय. आमच्या प्रत्येक कपड्यात असते."

"ते तुमचं नाक आहे," भिंगरी म्हणाली.

मोठ्या बाईंचा हात आपोआप नाकाकडे गेला. आक्का खिडकीबाहेर बघू लागली, आणि उठून जावं म्हटलं तर खुर्ची सोबत आली असती.

"आणि ही टोकाची गाठ?"

"शिंक. तुम्ही एकदा प्रार्थनेत शिंकलात ना, तेव्हापासून आजीनं वाढवली."

ताई हसू दाबता दाबता लाल झाली. मग तिनं विचारलं, अशा किती खुणा येतात? दोनशे साठ, असं उत्तर आल्यावर तिनं लिहायचं थांबवलं.

"मग मला एवढंच सांगा," आक्का मधे पडली. "दोनशे साठ ज्या डोक्यात राहतात, त्या डोक्याला ही चार-पाच डझन अक्षरं कशी झेपत नाहीत? आळसच नाही का हा?"

"तुमच्या खुणांना चेहरा आहे, आजी," ताई म्हणाली. "आकडी बघितली की नाक दिसतं. 'क' कुणासारखा दिसतो? कुणासारखाच नाही. तो नुसता एक आवाज आहे. त्या आकाराची आणि आवाजाची गाठ हिच्या डोक्यात पटकन बसत नाही. बुद्धी तल्लख आहे, डोळेही बहुधा ठीक असतील, तेवढे एकदा तपासून घ्या. आळस तर नाहीच. उलट बाकीच्यांच्या तिप्पट कष्ट करते ती एक ओळ वाचायला, आणि वर हे लपवायचे कष्ट वेगळे. गाठ बसेल. पण हळूहळू, हातानं गिरवत, वेगळ्या रीतीनं. वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं तर बसायची तीही सुटेल."

मोठ्या बाईंनी चुळबुळ केली. वर्गात तेच चाललं होतं.

"ऐकलंत?" आक्का लगेच त्यांच्यावर घसरली. "रेशमावर कडक इस्त्री फिरवायची आणि वर रेशमालाच नावं ठेवायची. माझ्या दुकानात असं कुणी केलं असतं तर त्याच इस्त्रीनं..."

"आई," सून म्हणाली. कालपासूनचा तिचा हा पहिला शब्द.

ताईनं एक छापील फॉर्म पुढे ओढला. नाव, वय, चालायला कधी लागली, बोलायला कधी लागली. सून उत्तरं देत होती. मग ताई म्हणाली, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? बरेचदा असतो. माहीत असलं तर आम्हाला मदत होते."

सुनेनं मान खाली घातली. "माझ्याकडचंच असणार. माझा एक मामेभाऊ दहावीला चार वेळा बसला. घरी सगळे तेच म्हणतात. लिहा, आईच्या बाजूनं."

ताईचं पेन कागदाला टेकलं.

आक्कानं बारा वर्षांत हे वाक्य किती वेळा म्हटलं होतं त्याला गणती नाही. भाजीला मीठ जास्त झालं तरी माहेर, पोर उशिरा चालली तरी माहेर. सून ऐकून सोडून देते, अशी तिची खात्री होती. सुनेनं ते सोडून दिलं नव्हतं, खरं मानलं होतं. आणि आता ते छापील कागदावर चढत होतं, पक्क्या शाईनं, पोरीच्या नावाखाली, आणि पोर आजीकडे बघत होती. काही सांगत नव्हती. काल जशी सांगत नव्हती, तशीच.

"खोडा ते," आक्का म्हणाली.

"काय?"

"कानात काय बोळे घातलेत? खोडा म्हणते ना. आईची बाजू नाही. बापाची. बापाची पण नाही, तो येडा वर्तमानपत्र वाचतो. माझी लिहा. मला वाचता येत नाही."

"वय झालं की डोळे..." मोठ्या बाई सावरायला गेल्या.

"डोळ्यांना काही धाड भरलेली नाही! त्या कपाटावर झुरळ बसलंय ते दिसतंय मला. अक्षर येत नाही, अक्षर. ती तिन्ही पत्रं मी वाचली नाहीत. येत असतं तर वाचली असती आणि तुम्हाला चांगली चार पानी उत्तरं खरडली असती."

सून तिच्याकडे बघतच राहिली. "पण तुम्ही सातवी..."

"दुसरी. चार वर्षं दुसरीच. इतकी मुरले होते की मास्तर माझ्याकडे वर्ग सोपवून बिडी ओढायला जायचा. मग एकदा सगळ्यांसमोर फळ्यावरचं वाचायला लावलं आणि वाचता आलं नाही म्हणून बाकावर उभं केलं. मी बाकावरून उतरले ती थेट घरी." तिनं नाक ओढलं. "धूळ फार आहे तुमच्या शाळेत."

"म्हणजे बारा वर्षं," सून सावकाश म्हणाली, "बारा वर्षं तुम्ही माझ्या माहेराला..."

"हो."

"माझ्या मामेभावाला..."

"तो मठ्ठच आहे, त्यात माझा काही हात नाही. पण हे त्याचं नाही. हे माझं आहे. माझं ते मला द्या."

सुनेच्या तोंडून हुंदका निघतोय की हसू, हे कुणालाच ठरवता आलं नाही. शेवटी हसूच निघालं, आणि डोळे पुसत पुसत ती कितीतरी वेळ हसत राहिली. आक्काला ते अजिबात आवडलं नाही. पण कालच्या गप्प बसण्यापेक्षा बरं होतं.

ताईनं खोडलं आणि नवीन लिहिलं. "तुमचंही हेच होतं की शिकवणाराच वाईट होता, हे इतक्या वर्षांनी मी सांगू शकत नाही, आजी. पण लिहून ठेवते." मग तिनं मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी नाकावरून हात खाली घेतला आणि आठव्या रकान्यात भिंगरीचं नाव घातलं. बाराला दहा मिनिटं कमी होती.

"एक अट आहे," ताई म्हणाली. "घरी रोज वीस मिनिटं कुणीतरी बसायला हवं. आई पाळीवर असतात. आणि घाई न करणारं माणूस लागेल."

घाई न करणारं म्हटल्यावर सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं आणि सगळ्यांनाच शंका आली.

"माझ्याकडे बघू नका. मला स्वतःलाच येत नाही."

"अक्षर तिला मी शिकवेन. तुम्ही धागा द्या. जाड धाग्यानं ती ते कापडावर शिवेल, बोटानं चाचपेल, मोठ्यानं आवाज म्हणेल. तुम्ही फक्त शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं."

"हे दुसरं जमणार नाही," भिंगरी म्हणाली.

आक्काला खुर्चीतून काढायला तिघी लागल्या.

नंतरचं काही एका रात्रीत झालं नाही. 'क' ला आठवडा लागला. 'भ' आणि 'म' यांनी तर असा छळ मांडला की भिंगरीनं एकदा कापड फेकून दिलं आणि आक्कानं ते उचलून दोन्ही अक्षरांच्या आईबापांचा उद्धार केला, त्यानं दोघींना जरा बरं वाटलं. मोठ्या बाईंनी वर्गात मोठ्यानं वाचायला लावणं बंद केलं, परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला माणूस दिला, वेळ वाढवून दिला. त्याबद्दल आक्कानं त्यांच्या नाकाचे दोन टाके कमी केले. शिंक ठेवली.

तीन महिन्यांनी शाळेचं चौथं पत्र आलं. शनिवारची संध्याकाळ, दुकानात गर्दी. दातांचे डॉक्टर, कंडक्टर, समोरच्या काकू, सगळे कपड्यांसाठी उभे. भिंगरीनं दप्तरातून कागद काढला. आक्कानं तो हातात घेतला, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या. चांगला जाड होता.

"चष्मा शोधू का आक्का?" कंडक्टर म्हणाला.

"कसला चष्मा? मला वाचता येत नाही," आक्का म्हणाली. काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. ही बातमी काकूंकडे नव्हती. "हिला येतंय थोडंथोडं. वाच गं."

भिंगरीनं कागद टेबलावर पसरला. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. "क... कळ... कळवि..." बोट थांबलं. मागे आलं. कंडक्टर लाल व्हायला लागला होता. सून इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली.

"कळविण्यात!" दातांचे डॉक्टर न राहवून म्हणाले. "कळविण्यात येते की, असं असणार ते."

आक्कानं सुनेच्या हातातून गरम इस्त्री घेतली आणि टेबलावरच्या, डॉक्टरांच्या निळ्या शर्टाच्या वर, बरोबर छातीच्या खिशावर, एक वीत अंतरावर धरली.

"डॉक्टर," ती गोड आवाजात म्हणाली, "आणखी एक शब्द पुरवलात, तर हा शर्ट खिडकीला पडदा म्हणूनसुद्धा चालणार नाही." मग नातीकडे वळून म्हणाली, "तू घे गं बाई तुझा वेळ. यांना कुठे जायचंय? कपडे माझ्याकडे आहेत."

भिंगरीनं बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवलं.